जर्मन लष्करी पदके आणि पाती : पारख व जतन

ब्रिटिश अमलातील हिंदी सैनिकाला मिळालेल्या मोहिमेच्या पदकाच्या कडेवर बहुधा त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. त्यामुळे सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात जुन्या ट्रंकेत सापडलेले पदक कोणाचे, हे शंभर वर्षांनंतरही ते पदक स्वतःच सांगते. जर्मन पदकांची रीत वेगळी होती. तेथे पदकाची कड सहसा कोरी ठेवली जाई आणि मानकऱ्याचे नाव पदकाबरोबर दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रावर लिहिले जाई. प्रमाणपत्र हरवले की पदक निनावी झाले, आणि निनावी पदकाला कोणत्याही शूर पुरुषाचे नाव चिकटवणे विक्रेत्याला सोपे झाले. म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्या संग्राहकाने वस्तूची चमक किंवा विक्रेत्याने सांगितलेली हकिकत यांच्यापेक्षा वस्तूवरील खुणा, तिच्या बांधणीची पद्धत आणि सोबतचे कागद यांना अधिक मोल द्यावे, आणि यांपैकी काहीही पुसले जाईल अशी कोणतीही कृती, मग ती स्वच्छतेच्या नावाखाली का होईना, करू नये.

दुसरी अडचण अशी की ‘जर्मन पदक’ ही एकसंध गोष्ट नाही. १८७१ साली स्थापन झालेले जर्मन साम्राज्य हा अनेक राज्यांचा संघ होता आणि प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग यांसारख्या राज्यांनी आपापले सन्मान देण्याचा हक्क पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत राखला. हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन व्यापारी नगरराज्यांनीही १९१५ मध्ये लाल मिन्याचे आपापले क्रॉस सुरू केले; त्यांच्या मध्यभागी अनुक्रमे किल्ला, किल्ली आणि दुमुखी गरुड अशी नगरचिन्हे आहेत. सैनिकाला मिळालेली पदके एका आडव्या पट्टीवर फितींसह शिवून छातीवर लावली जात. अशी मूळ पट्टी हाती आली तर तिच्यावरील पदकांचा क्रम आणि त्यांची राज्ये यांवरून तो मनुष्य कोणत्या राज्याचा, कोणकोणत्या युद्धांत होता, प्रत्यक्ष लढणारा होता की पिछाडीचा, याचा बराच अंदाज बांधता येतो. पट्टीच्या मागील कापड, शिवणीचा दोरा आणि कधीकधी शिंप्याची चिठ्ठी हीदेखील साक्षच असते. अशा पट्ट्या उसवून पदके सुटी विकण्याची व्यापाऱ्यांची सवय म्हणूनच संतापजनक आहे. सुट्या पदकांची बेरीज पट्टीच्या किमतीहून अधिक भरत असेलही, पण त्या माणसाचा इतिहास तेथेच संपतो.

नवशिक्याने सुरुवात दुर्मीळ वस्तूंनी करू नये. फ्रीडरिश दुसरा याने १७४० मध्ये सुरू केलेला ‘पूर ल मेरीत’ हा निळ्या मिन्याचा क्रॉस सर्वांना हवा असतो आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या नकला अमाप आहेत. त्याऐवजी १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचे स्मृतिपदक हे आरंभाला चांगले. सम्राट विल्हेल्म पहिला याने १८७१ मध्ये ते सुरू केले. लढणाऱ्या सैनिकांची पदके जिंकून घेतलेल्या फ्रेंच तोफांच्या काशातून घडवली गेली आणि तसा मजकूर त्यांच्या कडेवर उमटवला गेला, तर बिगर-लढाऊ सेवकांना पोलादी पदक मिळाले. त्याच्या फितीवर एखाद्या लढाईच्या नावाची धातूची पट्टी आढळली तर ती १८९५ नंतरची भर आहे, कारण विजयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या पट्ट्यांना मान्यता मिळाली. तितकाच उपयुक्त नमुना म्हणजे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग याने जुलै १९३४ मध्ये सुरू केलेला महायुद्धाचा सन्मान-क्रॉस. तो लाखोंच्या संख्येने वाटला गेला, त्यामुळे आजही परवडतो. तलवारींसह लढाऊ सैनिकांसाठी, तलवारींविना इतरांसाठी आणि काळ्या रोगणाचा मृतांच्या विधवांसाठी व आईवडिलांसाठी, असे त्याचे तीन प्रकार आहेत. तो मिळवण्यासाठी अर्ज करावा लागे, म्हणून नाव, गाव आणि तारीख असलेली त्याची प्रमाणपत्रे आजही मोठ्या संख्येने आढळतात. क्रॉस आणि त्याचे प्रमाणपत्र जोडीने घेण्याची सवय येथेच लागली तर पुढील मोठी खरेदी फसत नाही.

या क्षेत्राचा मध्य मात्र लोहक्रॉस हाच आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ मध्ये, प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने तो ब्रेस्लाऊ येथे स्थापन केला. त्याची आखणी राजाच्या रेखाटनावरून वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिश शिंकेल याने पूर्ण केली. स्थापनेचा दिवस १० मार्च हा धरला गेला, कारण तो १८१० मध्ये वारलेल्या राणी लुईझे हिचा जन्मदिवस होता. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले, आणि प्रत्येक वेळी ते साल क्रॉसच्या खालच्या भुजेवर घातले गेले. १९१४ च्या नमुन्यावर एका बाजूला मुकुट, ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि साल असते, तर दुसऱ्या श्रेणीच्या मागील बाजूस मूळ संस्थापकाची आद्याक्षरे, ओकची पाने आणि १८१३ हे साल असते. दुसरी श्रेणी फितीला अडकवली जाई. पहिली श्रेणी पिनेने थेट अंगरख्यावर लावली जाई. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे सुमारे ५० लाख क्रॉस दिले गेले, पहिल्या श्रेणीचे त्या मानाने फारच थोडे.

लोहक्रॉस खरा की खोटा हे त्याच्या बांधणीवरून कळते. अस्सल नमुना तीन भागांचा असतो : मध्ये काळे रोगण दिलेला ओतीव किंवा ठोकून घडवलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चांदीच्या चौकटीच्या दोन झापा, ज्या कडेला डाख देऊन जोडलेल्या असतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून कडेकडे पाहिले तर ही जोडाची रेषा, निदान काही ठिकाणी तरी, दिसते. चौकटीच्या आतील बाजूस बारीक खाचांची पट्टी असते, ती ठळक असावी आणि काळ्या गाभ्याला भिडते तेथे केसाएवढी फट किंवा स्पष्ट सीमा असावी. एकाच साच्यात ओतलेल्या नकलेत ही सीमा नसते. चौकट आणि गाभा एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात, खाचा बोथट असतात आणि पृष्ठभागावर ओतकामाची सूक्ष्म छिद्रे आढळतात. लोहचुंबकाची कसोटी प्रसिद्ध आहे, पण ती एकटी पुरेशी नाही, कारण लोखंडी गाभ्याच्या नकला निघतात आणि काही अस्सल नमुन्यांचे गाभे पितळाचेही असतात. दुसऱ्या श्रेणीच्या कडीवर उत्पादकाची बारीक अक्षरे असू शकतात, पहिल्या श्रेणीच्या मागे चांदीचा कस दाखवणारा ८०० हा आकडा असू शकतो. परंतु ठसा हा पुराव्यांपैकी एक होय, निकाल नव्हे, कारण ठसा मारणे हे नकलेतील सर्वांत सोपे काम आहे. फितीसाठी अतिनील प्रकाशाचा दिवा वापरावा : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांत पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात आणि ती त्या प्रकाशात निळसर चमकतात. अर्थात जुनी फीत मध्यंतरी कोणी धुण्याच्या पावडरीत बुडवली असेल तर तीही चमकते. आणि नवी फीत लावल्याने जुने पदक खोटे ठरत नाही.

पात्यांचा विषय निघाला की झोलिंगेनला वळसा घालता येत नाही. वुपर नदीकाठचे हे गाव मध्ययुगापासून पाती घडवत आले आहे आणि तेथील ग्रेफ्राट भागात पात्यांचे संग्रहालय आहे. महाराष्ट्राचा या गावाशी जुना संबंध आहे : दख्खनमध्ये ‘फिरंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरळ तलवारींची पाती युरोपातून येत, त्यांत झोलिंगेनची पातीही असत, आणि येथील कारागीर त्यांना देशी मूठ बसवत. पात्यावर कोरलेला धावता लांडगा हा मुळात पासाऊ या गावाचा ठसा. झोलिंगेनच्या लोहारांनी तो उचलला आणि नंतर इतर ठिकाणच्या कारागिरांनीही. विश्वासार्ह मालाचा ठसा चोरण्याचा उद्योग किती जुना आहे, हे ध्यानात घेऊनच नंतरचे ठसेही वाचावेत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील झोलिंगेनच्या कारखान्यांचे ठसे चित्ररूप असल्याने ओळखायला सोपे आहेत : आइकहॉर्नची खार, वायर्सबर्ग-किर्शबाउमचे राजाचे व शिरस्त्राणधारी सरदाराचे मस्तक, कोपेलचा तराजू. हा तराजू ज्या कुटुंबाचा होता ते झोलिंगेनमधील प्रतिष्ठित ज्यू कुटुंब होते. नाझी राजवटीत त्यांचा कारखाना त्यांच्याकडून हिरावला गेला आणि कुटुंबातील अलेक्झांडर कोपेल यांचा १९४२ मध्ये टेरेझीनश्टाट येथील छळछावणीत अंत झाला. तराजूचा ठसा असलेले तीसच्या दशकातील पाते हाती धरणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे.

लष्करी पात्यांत अभ्यासाला सर्वांत चांगली वस्तू म्हणजे संगीन, कारण ती सरकारी मालमत्ता होती आणि सरकारने तिच्यावर भरपूर लिहून ठेवले. १९०५ च्या नमुन्याची ९८/०५ ही संगीन घ्यावी. तिचे सुमारे ३७ सेंटिमीटरचे पाते टोकाकडे रुंद होत जाते, त्यामुळे शत्रुपक्षाने तिला खाटकाची संगीन हे नाव दिले. मुठीजवळ पात्याच्या सपाट भागावर उत्पादकाचे नाव असते. पात्याच्या पाठीवर, म्हणजे बोथट बाजूच्या कण्यावर, मुकुट, राजाचे आद्याक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ आणि १५ असेल तर ती विल्हेल्म दुसरा याच्या राज्यात, १९१५ मध्ये, स्वीकारली गेली असा त्याचा अर्थ. मुठीच्या आडव्या कांबेवर किंवा म्यानावर ठिपक्यांनी तोडलेले आकडे व अक्षरे असली तर ती रेजिमेंट, कंपनी आणि शस्त्राचा अनुक्रम सांगतात. पाते आणि म्यान यांच्यावरील खुणा जुळल्या तर ते दोन्ही बहुधा आरंभापासून एकत्र आहेत असे समजावे. न जुळल्यास वस्तू खोटी ठरत नाही, किंमत मात्र खाली येते. काही संगिनींच्या पाठीवर करवतीचे दाते होते, ते खोदकाम करणाऱ्या तुकड्यांसाठी. शत्रूच्या प्रचाराने ते क्रौर्याचे चिन्ह ठरवल्यावर १९१७ मध्ये ते घासून टाकण्याचा हुकूम निघाला. त्यामुळे दाते घासलेली संगीन म्हणजे बिघडलेली वस्तू नव्हे. ती त्या हुकुमाची साक्ष आहे. तोच न्याय धारेला लागू होतो : शांतताकाळात बोथट असलेली पाती युद्ध पुकारल्यावर धार लावून दिली जात, म्हणून जुनी, एकसारखी धार हा दोष नाही, पण अलीकडे कोणी सहाणेवर घासलेल्या पात्याला हात लावू नये.

नाझी काळातील वस्तूंबद्दल जास्तीची सावधगिरी हवी, आणि तिची कारणे दोन. पहिले असे की या वस्तूंना मागणी सर्वाधिक असल्याने फसवणूकही सर्वाधिक आहे; युद्धानंतर झोलिंगेनमध्ये उरलेल्या मुठी, पाती व म्याने जोडून ‘नवे जुने’ खंजीर तयार झाले, आणि त्यांचा प्रत्येक भाग अस्सल असूनही पूर्ण वस्तू अस्सल नाही. नाझी निमलष्करी दलाचा, म्हणजे एसएचा, खंजीर याचे उदाहरण म्हणून पाहावा. १९३४ च्या आरंभी काही खंजिरांच्या पात्यावर दलप्रमुख अर्न्स्ट र्‍योम याच्या नावाची अर्पणपत्रिका कोरली गेली. त्याच वर्षी १ जुलैला त्याला हिटलरने ठार करवले आणि ते नाव घासून काढण्याचे फर्मान सुटले. परिणामी अखंड मजकुराचे खंजीर थोडेच उरले, आणि बाजारात दिसणाऱ्या अशा खंजिरांकडे आधी संशयानेच पाहावे. दुसरे कारण कायद्याचे आहे. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार हाकेनक्रॉइत्स हे नाझी चिन्ह आणि तत्सम चिन्हे यांचे सार्वजनिक प्रदर्शन व प्रसार गुन्हा आहे, संशोधन, शिक्षण व कला यांना सूट आहे. तेथील लिलावांच्या याद्यांत ते चिन्ह झाकलेले दिसते ते यामुळे. १९५७ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना आपली पदके त्या चिन्हाविना वापरण्याची मुभा दिली, म्हणून १९३९ साल असलेला पण चिन्हाऐवजी ओकची पाने असलेला लोहक्रॉस हा नकली नसून त्या कायद्यानंतरचा वैध नमुना होय. संग्रह मांडताना या वस्तूंच्या शेजारी त्या राजवटीने काय केले याची स्पष्ट नोंद असावी. केवळ देखणेपणासाठी भिंतीवर टांगलेला खंजीर पाहणाऱ्याला भलतेच सांगतो.

जतनाच्या बाबतीत महाराष्ट्रातील संग्राहकाची परिस्थिती जर्मनीतील संग्राहकापेक्षा कठीण आहे. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ८०-९० टक्क्यांवर राहते, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात ती इतकी उतरते की चामडे आणि लाकूड तडकते. लोखंडाला कोरडी हवा हवी, चामड्याला थोडी ओल हवी. दोन्ही एकाच वस्तूत असतील तर ४० ते ५० टक्के ही तडजोड योग्य. त्यासाठी झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, त्यात लहानसा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल एवढे पुरते; सिलिका जेल नारंगी रंगाचे घ्यावे, कारण निळ्या प्रकारात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या, रबर, लोकरीचे नमदे, प्लायवूडचे खण आणि वर्तमानपत्राचा कागद यांतून आम्ले किंवा गंधकाची वाफ सुटते, म्हणून पदके त्यांत ठेवू नयेत. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने जुने प्लॅस्टिक आणि रोगण बिघडते.

सर्वाधिक नुकसान घासण्याने होते. घरात पितळेची भांडी लखलखीत करणारी चिंच, लिंबू, राख आणि बाजारातील पावडर ही साधने पदकाच्या जवळपासही आणू नयेत. १९१४ च्या लोहक्रॉसच्या चांदीला कारखान्यात जाणीवपूर्वक दुधाळ, खडबडीत झाक दिली जाई आणि फक्त कडा चकाकत्या ठेवल्या जात. एकदा घासले की ही झाक कायमची जाते. चांदीच्या पाण्यात बुडवणे तर आणखी वाईट, कारण द्रव चौकटीच्या फटीतून आत शिरतो, लोखंडी गाभा आतून गंजतो आणि फुगलेला गंज काळे रोगण उचलून धरतो. काळवंडलेली चांदी तशीच राहू द्यावी. मिन्याच्या क्रॉसला धक्का आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने होणारी स्वच्छता या दोन्हींपासून दूर ठेवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातील बरीच पदके जस्ताची असतात. त्यांवरचा मुलामा उडून करडा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर उपाय नाही, फक्त कोरडेपणाने ते थोपवता येते. फिती प्रकाशाने उडतात, म्हणून प्रदर्शनाच्या जागी ५० लक्सहून अधिक प्रकाश नसावा. लक्स हे प्रकाशमापनाचे एकक असून हा प्रकाश मंद दिव्याच्या खोलीइतकाच असतो.

पात्याबाबत पहिला नियम असा की ते चामडी म्यानात ठेवू नये. कमावलेल्या चामड्यात आम्ले व क्षार असतात, ते ओल धरते, आणि काही पावसाळ्यांत पात्यावर म्यानाच्या अस्तराची हुबेहूब डागाळलेली छाप उमटते. पाते व म्यान शेजारी, पण वेगळे ठेवावेत. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. सुती मोजे घाम शोषतात आणि घसरतात, आणि उघड्या बोटांच्या घामातील क्षार पोलादावर ठसा कोरतात. पाते मऊ कापडाने पुसून, जुना चिकट थर असल्यास तो शुद्ध अल्कोहोलच्या बोळ्याने काढून, पूर्ण कोरडे झाल्यावर त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ लेप द्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेले ‘रेनेसाँ वॅक्स’ हे त्यातले सर्वाधिक वापरले जाणारे. रोगण, रंग किंवा सेल्युलॉइडच्या मुठीला अल्कोहोल लावू नये. निळी झाक, सोनेरी मुलामा किंवा आम्लाने कोरलेली नक्षी असलेल्या पात्याला मेणाखेरीज काहीच नको. तांबूस, पावडर सुटणारा गंज सक्रिय असतो. तेथे पातळ खनिज तेलाचा थेंब एक-दोन दिवस मुरवून बांबूच्या काडीने तो हलकेच उचलावा, पॉलिश-पेपर कदापि वापरू नये. गडद तपकिरी, घट्ट थर हा मात्र पात्याचे वय आहे. तो राहू द्यावा. खोबरेल वा तिळाचे तेल काही महिन्यांत चिकट होते व आम्लधर्मी बनते, तेही टाळावे, आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेत या पात्यांना ओले हळदकुंकू लावण्याऐवजी ते शेजारच्या पाटावर वाहावे. पितळेच्या भागांवर चामड्याशी संपर्कामुळे जमणारा हिरवा, मेणचट थर लाकडी टोकाने काढता येतो. तीसच्या दशकातील काही मुठींवर सेल्युलॉइडचे वेष्टन आहे. ते कुजताना निघणारी वाफ शेजारच्या धातूला खाते, म्हणून असे खंजीर बंद डब्यात इतरांबरोबर कोंडू नयेत.

भारतात पाती बाळगण्याला कायद्याची चौकट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली तलवारी, खंजीर व संगिनी, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची तत्सम हत्यारे ही अग्निशस्त्रांखेरीजची शस्त्रे ठरतात. केंद्र सरकारने ज्या क्षेत्रात तशी अधिसूचना काढली असेल तेथे ती बाळगायला परवाना लागतो, आणि परदेशातून शस्त्रे आणण्यासाठी कलम १० नुसार वेगळा परवाना लागतो. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांच्या काळात तलवार घेऊन रस्त्यावर फिरणे हा गुन्हा होतो, मग ती शतकभर जुनी का असेना. म्हणून खरेदीपूर्वी जिल्हा प्रशासनाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना पुरावशेष व कला निधी अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो, त्यामुळे अशी वस्तू परदेशी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

मराठा पलटणींनी १९४४-४५ मध्ये इटलीत जर्मन सैन्याशी झुंज दिली. अप्पर टायबर खोऱ्यात नायक यशवंत घाडगे यांना आणि सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. त्या रणांगणावरून परतलेल्या सैनिकाच्या घरी जर्मन संगीन किंवा बिल्ला सापडणे अशक्य नाही. अशी वस्तू विकत घेताना त्या सैनिकाचे नाव, त्याची पलटण, सेवापुस्तिकेची नक्कल आणि कुटुंबाने सांगितलेली माहिती तारखेसह लिहून, देणाऱ्याची सही घेऊन, वस्तूबरोबर ठेवावी; विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूसाठी वहीत मापे, वजन, ठशांची छायाचित्रे, किंमत आणि विक्रेता यांची नोंद असावी, आणि तिच्यावर केलेला प्रत्येक उपचारही लिहावा, मग तो मेणाचा एक लेपच का असेना.

एक वस्तू मात्र संग्रहात घेऊच नये : जर्मन सैनिकाची ओळखचकती. ती अंडाकृती, मध्ये छिद्रांची रेषा असलेली असते; सैनिक मेला की अर्धी चकती तोडून नोंदीसाठी पाठवली जाई आणि अर्धी देहावर राही. रणांगणावर उकरून काढलेली अशी चकती बाजारात आली की जमिनीतील एका अस्थिपंजराचे नाव कायमचे पुसले जाते, आणि ती विकत घेणारा प्रत्येक ग्राहक पुढच्या उकरणाऱ्याला पैसे पुरवतो. तशी चकती हाती आलीच, तर युद्धातील मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या जर्मन सरकारी यंत्रणेला तिच्यावरील आकडे कळवावेत.